मालवणच्या दादांना, एका पिशवीबद्दल

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला फोनवर दोनदा 'थँक्यू' म्हणाले, दोन्ही वेळा तुम्ही "त्यात काय एवढा" म्हणून विषय बदललात. म्हणून हे लिहून काढतेय, आणि सगळ्यांसमोर. स्वतःचं स्कूबाचं सामान घेतलेली माझ्या ओळखीतली चार-पाच माणसं अगदी तोच प्रश्न विचारतात जो मी तुम्हाला विचारला नव्हता आणि विचारायला हवा होता: बॅग कुठली घेऊ?

त्या दिवशीची जेटी मला अजून दिसते. समोर सिंधुदुर्ग, ऊन चढलेलं, आणि माझी चाकांची भलीमोठी डायव्हिंग बॅग पायरीवर आडवी. चेन अर्ध्यावर अडकलेली. आदल्या दिवशी डाइव्हनंतर ती तशीच बंद करून ठेवली होती. रनर हिरवा पडला होता आणि दातांत मिठाचे पांढरे कण बसले होते. मी जोर लावत होते. तुम्ही हात धरलात आणि म्हणालात, "ताई, ओढू नका, तुटात." मग होडीतून मेणबत्तीचं थोटूक आणलंत. आधी बाटलीतलं गोडं पाणी चेनीवर ओतलंत, जुन्या ब्रशने एकेक दात घासलात, फडक्याने पुसलंत आणि मग दोन्ही बाजूंनी मेण फिरवलंत. वीस मिनिटं गेली असतील. होडीवरची बाकीची माणसं थांबली होती, पण तुम्ही घाई केली नाहीत. रनर सुटला तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं, कारण रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, आत होता.

खरी मदत त्यानंतरची. दुपारी परत आल्यावर तुम्ही मासळी तोलायचा ताणकाटा घेऊन आलात आणि माझं सामान एकेक करून टांगलंत. बीसीडी, म्हणजे पाण्यात तोल सांभाळणारं हवेचं जॅकेट, ३.६ किलो. फिन्स, म्हणजे पायात घालायची लांब वल्ह्यांसारखी पाती, १.९. बूट ०.९. मास्क आणि स्नॉर्केल मिळून ०.६. रेग्युलेटर ३.२. वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, ओला होता तेव्हा २.९ भरला, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर १.४. आणि शेवटी रिकामी बॅग: ५.२ किलो! सगळ्या सामानात सगळ्यात जड वस्तू बॅगच होती. आकडा बघून मी गप्पच झाले. सिलिंडर आणि शिशाची वजनं तर डाइव्ह सेंटरवरच मिळतात, ती कोणी घरून नेत नाही. म्हणजे हा सगळा भार मी स्वतःच्या हाताने विकत घेतलेला होता.

माझ्या मनात तेव्हा अंदमान होतं. देशातल्या बहुतेक विमानांत साध्या तिकिटावर १५ किलो सामान जातं. तुम्ही हिशेब मांडलात: रेग्युलेटर, टॉर्च, पाण्यातली खोली आणि वेळ मोजणारा छोटा कॉम्प्युटर हातातल्या पिशवीत. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या तर केबिनमध्येच न्याव्या लागतात. सुरी मात्र विसरून हातात ठेवायची नाही, ती चेक-इनमध्येच. उरलेलं सुकं सामान ८.४ किलो. त्यात माझी बॅग धरली की १३.६, म्हणजे आठ दिवसांच्या कपड्यांना दीड किलोही नाही.

"ही बॅग विमानतळाची," तुम्ही म्हणालात, "होडयेची न्हय." मग तुमची पिशवी दाखवलीत. काळ्या जाळीची, खांद्याला दोन पट्टे, वर नुसती दोरी आणि बक्कल. चेनच नाही, तर अडकणार काय? बोटीवरून उतरताना ती तशीच्या तशी गोड्या पाण्याच्या टाकीत बुडवलीत, वर उचललीत, आणि पाणी-वाळू दोन्ही खाली गळून गेली. माझ्या बॅगेला मात्र तळाशी पाणी जायला एक भोकसुद्धा नव्हतं. चाकांचं तर बोलायलाच नको. तारकर्लीच्या वाळूत ती पाच पावलं फिरली नाहीत, आणि आत वाळू गेल्यावर ठाणे स्टेशनच्या फलाटावरही फिरली नाहीत.

तुम्ही सांगितलंत तशी मी दुकानात फिन्स घेऊन गेले. दुकानदार बघत राहिला, पण किती बरं झालं! पहिल्या दोन जाळीच्या पिशव्यांत फिन्स तिरक्या कोंबाव्या लागत होत्या, आणि अशा वाकवून ठेवलेल्या फिन्सची पाती कायमची वाकतात. तिसरीत त्या सरळ उभ्या राहिल्या. तीच घेतली, ०.९ किलोची. बाहेरून विमानासाठी साधी नायलॉनची डफल, १.२ किलो, जाड प्लास्टिकच्या दातांची चेन बघून. कपड्यांना साडेचार किलो मोकळे झाले.

अंदमानात, स्वराज द्वीपावर, डफल खोलीत कोरडी राहायची आणि जाळीची पिशवी रोज बोटीवर. भरायची पद्धतही तुमचीच: जे शेवटी घालायचं ते तळाशी. म्हणून फिन्स खाली, मास्क डबीत, त्यावर बूट, मग वेटसूट, आणि बीसीडी सगळ्यात वर, कारण हलत्या बोटीत पहिल्यांदा तोच सिलिंडरला बांधायचा असतो. रेग्युलेटर वेगळ्या गोल गादीच्या पिशवीत, नळ्या मोठ्या वेटोळ्यात, कुठे मुरड नाही. बोटीवर एकदाही मला सगळं उपसावं लागलं नाही.

आणि शेवटचा दिवस. लागोपाठ अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यावेत, हे कोर्समध्ये शिकले होते. पण तेच तास सामान वाळवायचे, हे तुम्ही शिकवलंत. दोन खांबांना दोरी बांधली, वेटसूट आतली बाजू बाहेर करून टांगला, बीसीडीतलं पाणी उलटं धरून काढलं, सगळं सावलीत. परतीला श्रीविजयपुरमच्या विमानतळावर, तेच आपलं पोर्ट ब्लेअर, काट्यावर माझी बॅग १४.१ दाखवत होती. पहिल्यांदा आठवले ते तुम्ही आणि तुमचा ताणकाटा.

तुमचं स्वतःचं दुकान नाही, तुम्हाला मला काही विकायचं नव्हतं, आणि त्या दुपारी जेवायचंही राहिलं होतं तुमचं. होडीवर वाढलेल्या माणसाला खारं पाणी कशाकशाला खातं ते ठाऊक असतं, पण नवख्या बाईपाशी बसून, तिला कुठेही कमी न लेखता ते समजावून सांगणं वेगळं. ते तुम्ही केलंत. मनापासून आभार.

जुनी बॅग दिली नाही कोणाला. तिचा रनर बदलून घेतला, आता तिच्यात घरातल्या रजया असतात. मेणबत्तीचं थोटूक जाळीच्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात आहे.

पावसाळा संपून होड्या पाण्यात उतरल्या की येते. तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरेन, तिथून एसटीने मालवण. पिशवी पाठीवरच असेल. वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद व नमस्कार सांगा.

तुमची,
ठाण्याची ताई