ऑर्गनवाल्या काकांना, जाहीर पत्र

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

घरी येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुम्हाला संकोच वाटेल म्हणून नाव घालत नाही. नागपुरात गेल्या काही वर्षांत ज्यांनी संगीत नाटक पाहिलंय, ते ओळखतील. बाकीच्यांना ओळखू येणार नाही, कारण आपल्याकडे ऑर्गनवाल्याचं नाव प्रयोग संपल्यावर पुकारतात आणि तोवर लोक गाड्या काढायला गेलेले असतात. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो, नटराजाला हार पडतो, तेव्हाही साथीदारांची आठवण झालेली मी फारशी पाहिली नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा मी विशारद होते, सूर-ताल पक्के होते. 'स्वयंवर'च्या तालमीत रुक्मिणीचं पद सुरू केलं आणि तुम्ही मधेच भाता थांबवलात. "गाऊन तर राहिली पोरी तू, पण रुक्मिणी कुठं हाय?" मग सांगितलंत, की पद ऑर्गनच्या सुरावर सुरू होत नाही, आधीच्या वाक्यात सुरू होतं. त्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द हळूच षड्जाकडे, म्हणजे 'सा'कडे, सरकले पाहिजेत, म्हणजे बोलणं कुठं संपलं आणि गाणं कुठं लागलं ते प्रेक्षकाला कळत नाही. त्यासाठी तुम्ही संवादाखाली इतका बारीक सूर धरून ठेवायचात की तो फक्त मलाच ऐकू यावा. माझं सगळं काम त्या सुरावर उभं राहिलंय. मला कुणी "तुम्ही गाता छान" म्हटलं तर मी आजही थोडी खट्टू होते, ही सवय तुमचीच.

पट्टीचं, म्हणजे गाण्याच्या मूळ सुराचं, तर कुणाला कळलंच नाही. 'स्वयंवर' १९१६ चं. भास्करबुवा बखल्यांच्या चाली, आणि पहिली रुक्मिणी बालगंधर्व. पुरुषाच्या गळ्यावर बसलेली पदं बाईने गायची म्हणजे पट्टी वर न्यावी लागते. पण समोरच्या कृष्णाचं काय? मी काळी चारच्या उंच पट्टीत, तो काळी एकच्या खालच्या पट्टीत, आणि मध्ये जेमतेम चार वाक्यं. तेवढ्यात तुम्ही नवा सूर असा पेरायचात, की प्रेक्षकांना खड्डा जाणवायचा नाही. दाद मात्र आम्हाला मिळायची.

'कट्यार काळजात घुसली'त खाँसाहेबांची मुलगी झरीना करायला मिळाली तेव्हा मी तानांच्या तयारीला लागले. तुम्ही म्हणालात, आधी नाटक वाच. पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर नागपूरचे, वसंतराव देशपांडे नागपुरात वाढलेले, म्हणून १९६७ च्या या नाटकावर आपण जरा जास्तच हक्क सांगतो. पण त्यात एकच पद दोन घराण्यांच्या दोन चालींत येतं आणि भांडण तिथेच उभं राहतं, हे तुम्ही दोन्ही चाली वाजवून दाखवेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. झरीना त्या दोन चालींच्या मध्ये उभी आहे. ते कळल्यावर माझ्या निम्म्या ताना आपोआप गळल्या.

एवढ्यावर पोट भरत नाही, हे माझ्याआधी तुम्ही ओळखलंत. राज्य नाट्य स्पर्धा झाली की शहरात संगीत नाटकाचे प्रयोग किती लागतात? "झाडीपट्टीत चल," म्हणालात, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत. आईचा ठाम नकार होता. रात्र-रात्र गावोगाव फिरायचं, कोण माणसं, कुठं राहायचं. तुम्ही काकूंना घेऊन घरी आलात. आईशी काय बोललात ते मला अजून माहीत नाही, पण दिवाळीनंतर मी वडशाच्या, म्हणजे झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांच्या गावाच्या, गाडीत होते.

शहरातल्या काही जाणत्यांनी तेव्हा नाकं मुरडली. त्यांना एकदा थंडीत गडचिरोलीकडच्या एखाद्या गावात बसवायला हवं. धान निघालेलं असतं, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटकाचा मंडप. पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळे घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसतात. लावणीही मागतात, रडवणारं पदही मागतात, आणि मनासारखं झालं नाही तर तोंडावर सांगतात. एका नाइटचे पैसे हातात आले की दुसऱ्या गावाची गाडी. त्या हंगामांनी मला नटी केलं, आणि घराचं भाडंही दिलं. पहाटे तीनला गळा कसा राखायचा, तेही तिथेच शिकले: अंक संपल्यावर गप्पा नाहीत, चहापेक्षा कोमट पाणी बरं, आणि वन्समोर आला तर अख्खं पद न म्हणता फक्त अंतरा.

आता तुमचे गुडघे भाता मारू देत नाहीत. कीबोर्डवर वाजवायला तुम्ही तयार नाही, आणि मीही आग्रह करणार नाही. पण नव्या पोरांच्या तालमीला येऊन नुसतं बसलात तरी चालेल. मुलं गुणी आहेत, सूर चोख आहे, आणि सगळीच्या सगळी गाऊन राहिली आहेत.

तालीम धंतोलीत, संध्याकाळी सातला. न्यायला मी येते, स्कूटर नाही, रिक्षा आणते. काकूंना सांगून ठेवलंय.

तुमची,
रुक्मिणी, झरीना वगैरे