देवदारापाशी बॅटरी धरून उभ्या राहिलेल्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तुम्हाला मराठी येत नाही, हेही माहीत आहे. पण हिंदीत लिहायला बसले की पत्राचा सरकारी अर्ज होतो. कुणाकडून तरी वाचून घ्या.

डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काठी टेकत आलेले ते माझे बाबा. साठ वर्षांपूर्वी रेंजरचं प्रशिक्षण त्यांनी डेहराडूनलाच घेतलं. "एकदा म्युझियम बघायचंय," एवढाच त्यांचा हट्ट. आधी एका कार्यालयात चौकशी केली, तर साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, "तिकीट काढा आणि बघा, त्यात काय?" खरंच होतं म्हणा. तिकीट काढूनच आलो.

पण बाबांसाठी ते प्रेक्षणीय स्थळ नव्हतंच. १८७८ मध्ये जर्मन वनतज्ज्ञ ब्रँडिससाहेबांच्या पुढाकाराने निघालेलं फॉरेस्ट स्कूल, १९०६ ची संशोधन संस्था, १९२९ मध्ये उघडलेली ही राजवाड्यासारखी इमारत, हे सगळं ते घरातल्या लग्नकार्यांसारखं सांगतात. किडीने पोखरलेलं लाकूड, बुरशीने खाल्लेले ओंडके बघत म्हणाले, "हे शोभेचं नव्हतं गं, आमचा फळा होता हा."

देवदाराच्या त्या आडव्या छेदापाशी पोचलो तेव्हा बंद व्हायची वेळ झालेली. ७०० हून अधिक वर्षं जगलेलं झाड, आणि बाबांच्या मोतीबिंदूला दिसत होता नुसता तपकिरी गोल. तेवढ्यात तुम्ही किल्ल्यांचा जुडगा वाजवत आलात. मी पर्स उचलली. अशा वेळी काय ऐकावं लागतं, ते पाठ आहे मला.

तुम्ही जुडगा खिशात टाकलात. मोबाइलची बॅटरी लावलीत, पण समोरून नाही, कडेने, लाकडाला जवळजवळ टेकवून. समोरून उजेड टाकला की नुसतं चकाकतं, हे तुम्हाला रोजच्या वावराने ठाऊक असणार. तिरप्या उजेडात एकेक वलय उठून आलं.

"बाबूजी, कौन सी बैच?" तुम्ही विचारलंत.

माणुसकीचं वेगळं खातं नाही ते बरंच आहे, नाहीतर तिथेही तीन प्रतींत अर्ज लागला असता.

मग बाबा सुरूच झाले. दाट वलयं म्हणजे झाडाची तंगीची वर्षं, रुंद म्हणजे सुखाची. तुम्हाला ते सगळं माहीत असणार, तरी "जी सर, जी सर" करत ऐकत होतात. हात अवघडला तेव्हा मोबाइल दुसऱ्या हातात घेतलात, उजेड मात्र हलू दिला नाहीत.

तुमची,
एका जुन्या रेंजरची मुलगी