पुरवणीतले राक्षस कुठे गेले?

संपादक साहेब, नमस्कार. मुलांच्या पुरवणीत नुसतं जनरल नॉलेज अन् स्पर्धा परीक्षा, राक्षस-जादूगार गेले कुठे हो? आम्ही पारोळ्याकडची पोरं ‘चांदोबा’ मासिकावर वाढलो, १९५२ पासून मराठीत निघायचा तो, अन् चित्रकार शंकर यांचा तो विक्रम राजा, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, डोक्यातून जातच नाही, आजही मालेगावकडून धुळ्याला येताना लळिंगचा किल्ला दिसला की वाटतं वर कोणीतरी राक्षस राहत असेल (बायको हसते, हसू द्या). उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, असं वेताळ म्हणायचा ना, बरोबर-चूक काय याचा विचार करायची सवय मला तिथूनच लागली, मूल्यशिक्षणाच्या तासाला तर आम्ही झोपायचो. रविवारी अर्धं पान तरी अशा गोष्टींना द्या, अन् चित्र मोठं छापा.

– एक जुना वाचक, पारोळा