चुलीत पिशवी घालण्याआधी थोडं थांबा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, तोंडावर आलीय, लाकडं पडवीत रचून झाली, पण ती पेटवायची कशाने याची बेगमी कोणीच करत नाही. मग जुलैत लाकडं सादळली की घरोघरी एकच उपाय, दुधाची पिशवी घ्या, काडी लावा आणि सोडा बंबात. रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हा त्याचा चमचाभर पुरायचा, ते गेलं आणि त्याच्या जागी प्लास्टिक आलं. आमच्याकडेही हेच चालायचं, खोटं कशाला बोलू.

पिशवीचं एक वेळ सोडा, लोक वायरची कव्हरं, फाटकं रेक्झिन, पाइपचे तुकडे पण घालतात, ते बहुतेक पीव्हीसी नावाचं प्लास्टिक असतं, जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू निघतो, डायॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि उरलेली राख आपण माडाच्या आळ्यात टाकून मोकळे. उघड्यावर कचरा जाळला तर 5000 रुपये दंड असं हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्येच सांगितलंय, पण आपल्या न्हाणीघरात बघायला कोण येणार!

गेल्या वर्षीपासून आम्ही चूल पेटवायला घरच्या टाकाऊ वस्तूंच्या वड्या करतो. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्यायचा (प्लास्टिकचा नको), त्याच्या खळग्यांत सुताराकडची रंध्याची सालपटं सैलसर भरायची, आणि वर मेणबत्त्यांची टोकं, दिवाळीच्या पणत्यांतलं उरलेलं मेण वितळवून ओतायचं. गार झालं की कात्रीने एकेक खळगा वेगळा. सालपटं साध्या लाकडाचीच घ्या, प्लायवूडचा भुसा नको, त्यात गोंद असतो. मेण मात्र डायरेक्ट गॅसवर ठेवू नका हं, डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, साधं मेण साठ-पासष्ट डिग्रीला वितळतंच त्यामुळे तेवढं पुरतं. चुकून पेटलंच तर पाणी ओतू नका, भडका उडतो, गॅस बंद करून वर झाकण घाला.

आमची एक वडी आठ-दहा मिनिटं जळते, तेवढ्यात ओलसर काटक्याही धरतात, फक्त खालून वारा जायला जागा ठेवा, नाहीतर बसा फुंकणी घेऊन.

मेण नसेल तरी अडत नाही. नारळाच्या सोडणाचा काथ्या पिंजून वाळवून ठेवा. संत्र्याची सालं कडक वाळवली तर त्यातल्या तेलाने चरचर पेटतात. नीरांजनातल्या अर्ध्या जळलेल्या वाती आपण टाकून देतो, त्या तर तयारच असतात. काजूची टरफलं पण भारी पेटतात, पण त्यांचं तेल हाताला लागलं तर कातडी सोलते आणि धूर डोळ्याला नि घशाला झोंबतो, म्हणून घरातल्या चुलीत नकोच.

माझ्या एका नातेवाइकाने धुमसत्या चुलीत बाटलीतून रॉकेल ओतलं होतं, ज्वाळ उलटी हातावर आली, दोन महिने हात बांधलेला. तेव्हापासून घरात बाटली ठेवायचीच नाही असं ठरलं.

हो, एक राहिलंच, वड्या पत्र्याच्या डब्यात झाकून चुलीपासून लांब ठेवा. आम्ही तुपाच्या वाती घालून केलेल्या वड्या फळीवर उघड्या ठेवल्या होत्या, आठवड्यात उंदरांनी अर्ध्या पळवल्या.

– एक वाचक, लांजा (जि. रत्नागिरी)