एच-वन-बीवाल्यांच्या पगारातून कापलेल्या पैशाचं काय? परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार

महोदय, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सांगलीच्या विश्रामबागेतून लिहितो आहे. 1947 सालचं वालचंद कॉलेज इथलंच. तिथून शिकून अमेरिकेत गेलेल्यांचे आईवडील माझ्या ओळखीत बरेच आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी (अमेरिकेत कुशल नोकरीसाठी मिळणारा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लागलं, तेव्हापासून ही मंडळी धास्तावली आहेत. व्हिसा किती द्यायचे हे अमेरिका ठरवणार, ते आम्ही जाणतो. माझी मागणी वेगळी आहे आणि ती तुमच्या खात्याच्या कामातली आहे.

तिथे एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे (म्हणजे सरकारी पेन्शनचे) 6.2 आणि मेडिकेअरचे (म्हातारपणच्या आरोग्य विम्याचे) 1.45 टक्के कापतात. कंपनीही तेवढेच भरते. वर्षाला एक लाख डॉलर पगार असेल, तर एकट्या कर्मचाऱ्याचे 7,650 डॉलर जातात. पेन्शनला पात्र व्हायला मात्र साधारण 10 वर्षांचं काम लागतं, आणि व्हिसा आधी 3 वर्षांचा, वाढवून 6 वर्षांचा! ग्रीन कार्डची (कायम राहण्याच्या परवान्याची) प्रक्रिया पुढे सरकली तरच त्यापुढे राहता येतं. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग कित्येक वर्षांची. मध्येच नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त 60 दिवस. सहा वर्षं राबून जो परत येतो, त्याला म्हातारपणी या कपातीतून पेन्शन मिळत नाही. हा उघड अन्याय आहे.

भारत-अमेरिकेत सामाजिक सुरक्षा करार झाला, तर दोन्ही देशांतली नोकरीची वर्षं एकत्र धरता येतील. भारतीय कंपनीने थोड्या काळासाठी पाठवलेल्यांची दुहेरी कपातही टळेल. जर्मनी, फ्रान्स, जपान, कॅनडाशी असे करार आपण केले आहेत. अमेरिकेशी मात्र वर्षानुवर्षं नुसती बोलणीच चालली आहेत. परदेशी कर्मचाऱ्यांना पीएफ लावण्याचा नियम आपणही 2008 मध्ये केला, म्हणजे या करारात त्यांच्याही माणसांचा फायदा आहे. मग आपण मागताना संकोच का करायचा?

व्हिसाचे नियम उद्या आणखी कडक झाले, तर 10 वर्षं पुरी व्हायच्या आत परतणारे वाढतील. म्हणून अमेरिकेशी व्यापाराची बोलणी होतील तेव्हा हा विषय पहिल्या यादीत ठेवा. आतापर्यंतची चर्चा कुठे अडली आहे, तेही संसदेत स्पष्ट सांगा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सांगली