नाव विचारायचं राहून गेलं

भंडारा, भाऊबीज

प्रिय मुक्ता,

पोचल्याचा मेसेज आईला आला, मला नाही. दादूनं ओवाळणीचं पाकीट तुझ्या टेबलावर ठेवलंय. काल वरठी स्टेशनवर विदर्भ एक्स्प्रेस हलेपर्यंत मी खिडकीशी उभा होतो आणि तू मोबाइलमध्ये बघत होतीस. चूक माझीच. मुलगी एका मुलाबद्दल सांगायला बसते आणि बाप नाव विचारायच्या आधी रक्ताच्या टेस्टचं विचारतो, "त्याचं एचपीएलसी झालंय का?" आई तेव्हापासून मला 'लॅबवाले' म्हणते.

या पत्रात तो विषय काढायचा नाही असं ठरवलंय.

तुझ्या पेपरची प्रिंट झेरॉक्सवाल्याकडून आणली. अर्धी कळली. पांढऱ्या पेशीही चिकटून बारक्या रक्तवाहिन्या अडवतात, म्हणजे सिकल सेलच्या दुखण्याचा सगळा दोष वाकड्या लाल पेशींचा नाही. मी नोकरीभर त्या लाल पेशींनाच शिव्या दिल्या! भेंडे डॉक्टरांनी १९५२ साली मुंबईत बॉम्बे रक्तगट शोधला, हे आम्हाला डीएमएलटीला, लॅबच्या कोर्सला, पाठ करायला लावलं होतं. आता त्याच मुंबईत, परळला, माझी पोरगी रक्तावर काम करते. शेजारच्या काकांना हे तीनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा ते दूध उतू जाईल म्हणून उठून गेले.

तू सातवीत असताना माझ्यासोबत आश्रमशाळेच्या कॅम्पला आली होतीस, आठवतं? बोटाला सुई, रक्ताचा थेंब डायथायोनाइटच्या नळीत, पाच मिनिटं थांबायचं, मग नळीमागे काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या की पोरगं सुटलं, नळी गढूळ झाली की रक्तात सिकल. तू नळ्या उचलून ओरडायचीस, "बाबा, ही गढूळ!" शेवटी खेळ म्हणून तूही बोट पुढे केलंस. तुझ्या नळीतून रेघा दिसल्या नाहीत. मी कागद जवळ नेला, उजेडाकडे वळलो, पुन्हा धरला. एकाच पालकाकडून सिकल आलेला वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे शेकडो आईबापांना समजावलेला माणूस मी. त्या रात्री तुझ्या आईला सांगताना मात्र शब्द फुटेना. ते माझ्याकडूनच आलं होतं ना.

सुमनआत्याच्या गुडघ्यांना वात म्हणून तेल चोळायचे. ती त्या दुखण्यानंच गेली, असं घरात अजून म्हणतात. या आजारात प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि मग साधा वाटणारा जंतू एका दिवसात माणूस नेतो, हे तू गेल्या वर्षी सांगितलंस. तेव्हा मला एकदम तिचा ताप आठवला. सकाळी कणकण होती, दुसऱ्या पहाटे ती नव्हती. पेनिसिलिन तेव्हाही मिळत होतं गं.

म्हणून ते एचपीएलसीचं तोंडातून निघून गेलं. तू रागानं म्हणालीस, "तो उल्हासनगरचा सिंधी आहे, त्यांच्यात कुठला सिकल?" तुला वाटलं, बाप रक्ताच्या आडून जात काढतोय. तसं नाही, बेटा. सिंधी लोकांत बीटा थॅलेसेमियाचे, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या दुसऱ्या रक्तदोषाचे, वाहक जास्त, हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. एकाकडून सिकल, दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आला तरी हिशेब तोच, दर खेपेला चारात एक मूल आजारी. नुसत्या सोल्युबिलिटीवर, त्या नळीच्या टेस्टवर, जाऊ नका, त्यात थॅलेसेमिया दिसत नाही. एचपीएलसीच करा आणि ए-टू हिमोग्लोबिन किती आलं ते नीट बघा, थॅलेसेमियाचा वाहक त्यावरून कळतो...

बघ, कोणाला शिकवतोय मी. माफ कर. ठरवलेलं एवढं टिकलं.

आता उपचार आहेत म्हणालीस. अमेरिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये जीन कापण्याच्या उपचाराला परवानगी दिल्याचं मीही वाचलंय. किंमत २२ लाख डॉलर. कॅल्क्युलेटरवर रुपये करून बघितले आणि शून्यं न मोजताच तो बंद केला.

तोही वाहक निघाला तरी मी लग्नाला नाही म्हणणार नाही. पोरीच्या मनातलं मोडायला मी कोण? फक्त माहीत असू दे, आधी. झालं, आता खरंच बंद.

तुझी सांबारवडी फ्रिजमध्ये राहिली होती, ती आज मीच संपवली. त्या मुलाचं नाव आईला माहीत आहे, पण सांगत नाही. म्हणते, तिलाच विचारा.

काय नाव त्याचं?

तुझा,
बाबा