वर्गणीऐवजी एक पत्र

प्रिय मावशी,

विज्ञानकथेच्या चाहत्यांसाठी तुम्ही घरीच छापत होतात त्या नियतकालिकाच्या शेवटच्या अंकाला मी उत्तर दिलं नाही. पाकिटावर माझ्या पत्त्याशेजारी तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पत्राची वाट पाहते'. त्याला बारा वर्षं झाली. आज सगळ्यांदेखत लिहितेय, कारण तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते इथल्या माझ्या माणसांनाही मी कधी नीट सांगितलेलं नाही.

ऑगस्ट १९९६. लग्न करून अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेलला येऊन मला सात महिने झाले होते. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, त्यामुळे नोकरीची परवानगी नाही. गाडी चालवता येत नव्हती. दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नसे. त्या वर्षीचं जागतिक विज्ञानकथा संमेलन ॲनाहाइमला होतं. शनिवारी नवरा मला तिथे सोडून गेला. त्या संमेलनाला तिकीट नसतं, सभासद व्हावं लागतं. एका दिवसापुरती सभासद झाले आणि तासभर भिंतीला टेकून नुसती उभी राहिले. चित्रविचित्र पोशाखातली माणसं एकमेकांना कडकडून भेटत होती. मला ओळखणारं तिथे कुणीच नव्हतं.

तुम्ही 'कुठून आलीस' असं विचारलं नाहीत. हातात तुमच्या अंकाच्या कागदांचा गठ्ठा ठेवलात आणि म्हणालात, पानं लावायला जरा मदत करतेस का? टेबलावर बारा थप्प्या होत्या. शाळेच्या हस्तलिखिताची पानं मी अशीच लावली होती. दुपारपर्यंत आपण दोघी टेबलाभोवती गोल फिरत होतो, आणि तेवढ्या वेळात मी सात महिन्यांत बोलले नव्हते इतकं बोलले.

मग तुम्ही मला शिबानो दांपत्याला बघायला नेलंत. ताकुमी आणि साचिको शिबानो हे त्या संमेलनाचे सन्माननीय चाहते पाहुणे होते. लेखकांइतकाच मान चाहत्यांना देण्याची ही रीत मला तोवर माहीत नव्हती. ताकुमी यांनी १९५७ मध्ये जपानमध्ये 'उचूजिन' हे चाहत्यांचं नियतकालिक काढलं, आणि तिथले कितीतरी विज्ञानकथालेखक त्यातून पुढे आले. आशियातलं एक जोडपं तिथे इतक्या मानाने वावरताना पाहून मी पहिल्यांदा भिंत सोडून खुर्चीत बसले.

त्यानंतर दर गुरुवारी तुमची गाडी आमच्या दाराशी येऊ लागली. लॉस एंजेलिसचं ते विज्ञानकथा मंडळ १९३४ सालचं, आणि त्याची बैठक दर आठवड्याला. नॉर्थ हॉलीवुडमध्ये मंडळाची स्वतःची जागा होती. तिथे मी बहुतेक वेळा गप्पच असे, पण घरी परतताना गाडीत तुम्ही मला बोलतं करायचात.

तुमच्या गॅरेजमधलं गेस्टेटनर, अंक छापायचं ते सायक्लोस्टाइल यंत्र, मला सगळ्यात जास्त आठवतं. आमच्या शाळेत प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल व्हायच्या, त्यामुळे शाईचा तो वास ओळखीचा होता. तुम्ही त्यावर ज्या निगुतीने काम करायचात ती मात्र मी कुठेच पाहिली नव्हती. स्टेन्सिलवर, म्हणजे छपाईच्या मेणकागदावर, चुकलेलं अक्षर दुरुस्ती-द्रवाने बुजवायचं, वाळेपर्यंत फुंकर घालायची, मग त्याच जागी पुन्हा टाइप करायचं. या द्रवाच्या नावाने १९८४ पासून चाहत्यांचं एक वेगळं संमेलन भरतं, हे सांगताना तुमचा चेहरा खुलला होता.

अंकाची वर्गणी विचारली तेव्हा तुम्ही म्हणालात, 'नेहमीचंच'. म्हणजे वाचून एक पत्र लिहायचं, किंवा मजकूर द्यायचा, किंवा आपला अंक बदल्यात पाठवायचा. स्वतःची कमाई नसलेल्या बाईला ते ऐकून काय वाटलं असेल! मला परवडेल अशी ती एकच वर्गणी होती.

पहिल्या पत्रात मी नारळीकरांविषयी लिहिलं. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती, ती हकिगत. माझं इंग्रजी सुधारून द्या अशी विनवणी केली, तर तुम्ही रिक स्नीअरींची गोष्ट सांगितलीत. आजारपणामुळे शाळा फारशी न झालेला, स्पेलिंग आपल्या पद्धतीने करणारा हा माणूस, आणि त्याच्या पत्रांवर सगळं चाहतेविश्व जीव टाकायचं. १९५८ चं जागतिक संमेलन आपल्या साऊथ गेट गावात व्हावं, ही त्याची घोषणा लोकांनी दहा वर्षं चालवली. शेवटी जागा मिळाली लॉस एंजेलिसच्या हॉटेलात, तर महापौरांनी ती जागा संमेलनापुरती साऊथ गेट म्हणून जाहीर केली! तुमचं ते पहिलं संमेलन, तुम्ही तेव्हा बावीस वर्षांच्या. माझ्या पत्रातला एकही शब्द तुम्ही बदलला नाहीत. पुढच्या अंकात तिघांनी मला उद्देशून लिहिलं होतं. त्यातलं एक पत्र बेलफास्टहून आलेलं. ते मी स्वयंपाकघरात उभ्याने चारदा वाचलं.

आम्ही पुण्याला परतल्यावरही अंक येत राहिले. मुलगा झाला तेव्हा, सासूबाईंच्या आजारपणात, माझी पहिली कथा दिवाळी अंकात आली त्या वर्षी. अशा एकतीस अंकांची टपालखर्चासकट किंमत तुम्ही कधी काढली नाहीत. तुमच्याकडचा सगळा संग्रह आता रिव्हरसाइडच्या विद्यापीठात गेला, असं तुमच्या लेकीने कळवलं. माझे एकतीस माझ्या लोखंडी ट्रंकेत आहेत. तुम्हाला आता वाचता येत नाही, हेही तिनेच सांगितलं. म्हणून याचं इंग्रजी तिच्याकडे वेगळं पाठवतेय, ती वाचून दाखवेल.

तरी हा मराठी कागदही हातात घ्या. पहिल्या पत्राखाली तुम्ही मला स्टेन्सिलवर देवनागरीत सही कोरायला लावली होतीत, आणि टाचणीएवढ्या टोकाने ती रेघ ओढताना माझा हात थरथरला होता. तीच सही इथे खाली केली आहे, जाड शाईने, दाबून. बोटाला लागेल.

तुमची,
ग्लेनडेलची भाची